कोंबड्याला न लागणारा शब्द

मला राग आला की मी भांडी घासते. घासलेली असली तरी पुन्हा घासते. आमच्याकडच्या एका पातेल्याचा तळ त्यापायी इतका झिजलाय की त्यात दूध लागल्याशिवाय राहत नाही, आणि त्याचं श्रेय माझ्या सासरच्या एका कोंबड्याला जातं. कोंबडा जाऊन कित्येक वर्षं झाली. मी पन्नाशीला आले, गुडघे कुरकुरायला लागले, पण त्या वेळचा राग अजून तरतरीत आहे. त्याला ना बीपी ना शुगर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर काष्टीचं, बागायती. सासर तिसगावच्या पलीकडं, माळावरचं. तिथं दसरा झाला की अर्धं गाव कोयते बांधून ऊसतोडीला निघायचं. आमची विहीर संक्रांतीपर्यंत साथ द्यायची, म्हणून आम्ही राहणाऱ्यांतले. घरात तीन माणसं. मी, हे, आणि सासूबाई. सासूबाईंना आमच्याकडच्या रीतीनं मी आत्या म्हणायची. सासरे लग्नाआधीच गेलेले. लग्नाला पाच-सहा वर्षं होत आली होती आणि मला मूल नव्हतं. एवढं एक वाक्य लिहिलं की पुढचं निम्मं बायकांना न लिहिताही कळतं.

उरलेलं निम्मं कोंबड्यांमुळं घडलं.

आत्यांचा कोंबड्यांवर फार जीव. एखादी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचं थांबवून अंग फुगवून एका कोपऱ्यात ठाण मांडून बसली आणि जवळ जाणाऱ्यावर गुरगुरायला लागली, की आत्या तिला उबवायला बसवायच्या. टोपलीसारख्या डालग्यात भुसा, भुशात अंडी, अंड्यांच्या शेजारी लोखंडाचा एक खिळा आणि कोळसा. ढग गडगडले तर आतली पिलं मरतात, ती खिळ्यानं वाचतात म्हणे. खिळ्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. खिळा बिचारा कुणाला काही बोलत नाही.

माझं म्हणणं पुढच्या रिवाजाबद्दल होतं. अंडी डालग्यात ठेवायची ती लेकुरवाळ्या बाईच्या हातानं. त्यासाठी शेजारीण यायची. तिला चार पोरं, पाचवं पोटात. ती पदर खोचून आली की आत्या माझ्याकडं न बघता म्हणायच्या, "तू जरा चुलीकडं बघ." चूल तेव्हा विझलेली असायची. मी जाऊन विझलेल्या चुलीकडं बघत उभी राहायची. इतका वेळ बघितलंय की त्या चुलीचं चित्र काढायला सांगितलं तर आजही काढीन, मागच्या भेगेसकट.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर बसवलेली कोंबडी तीन आठवडे इमानानं बसली. त्यावरही आठवडाभर बसली. एका अंड्याला चोच लागली नाही. शेवटी वास सुटला तेव्हा आत्यांनी डालगं उचलून उकिरड्यावर उपडं केलं. दोन अंडी फाट्‌ फाट्‌ फुटली आणि सगळी आळी नाकाला पदर लावून बाहेर आली.

"वांझ निघाली सगळी," आत्या म्हणाल्या. अंड्यांबद्दलच म्हणाल्या. पण उकिरड्यावर उभ्या असलेल्या एकूण एक बाईनं अंड्यांकडं न बघता माझ्याकडं बघितलं. मग शेजारणीनं चौकशी केली की खुडूक कोंबडीला रोज पाणी कोण ठेवत होतं. पाणी मी ठेवत होते. झालं. पंचनामा पुरा.

त्या दिवशी मी भांडी घासली. मग शेजारणीचीही मागून आणून घासली. ती म्हणाली, बाई गुणाची आहे हो, पण नशीब बघा.

दिवाळीला मोठी नणंद आली, जामखेडला दिलेली. ती आली की घरातले सगळे विषय एका ताटात वाढायची. तिनं ह्यांच्यासाठी शेजारच्या गावातली एक मुलगी बघून ठेवली होती. गरिबाघरची, आईबाप कोयत्यावर जाणारे, पोरीला सोबत न्यायची चिंता असलेले, म्हणजे नाही म्हणायच्या परिस्थितीत नसलेले. देवळात दोन हार घालायचे की झालं. कायदा वगैरे मी काढलं तेव्हा नणंद हसली. माझ्यापुढंच, माझ्याच हातचा चहा बशीत ओतून पीत म्हणाली, "तुला कोन हाकलून देतंय? तू बी ऱ्हाशील की. दोघी बहिनीवानी ऱ्हावा."

मला बहिणी दोन आहेत. त्यांच्याशीसुद्धा माझं पटत नाही.

हे काय म्हणाले? हे अंगणात कोंबड्याला तळहातावर ज्वारी चारत होते.

आता तो कोंबडा. ह्यांनी त्याला वर्षापूर्वी तिसगावच्या बाजारातून आणलेला. तांबडा भडक, तुरा असा की लांबून बघणाऱ्याला कुणी फेटा बांधून बसलंय असं वाटावं. आधी आमच्या अंगणात शेजारणीचा एक किरकोळ कोंबडा यायचा, त्याला ह्यानं पहिल्याच दिवशी हाणून कुडाबाहेर काढलं. तेव्हापासून अंगणात ह्याचंच राज्य. झुंजूमुंजू व्हायच्या आत आरवायचा, दुपारी आरवायचा, पाहुणा आला की आरवायचा. वजनानं इतका जड झाला होता की पाच पावलं टाकली की उभा राहायचा. येणारा-जाणारा म्हणायचा, काय मर्दानी जनावर हाय. आणि हे खूश व्हायचे, जणू स्वतःबद्दल कुणी बोललंय.

नणंद परत गेली ती पौषात मुलीकडच्यांना घेऊन येते असं सांगून. मुलीचा बाप तेवढ्यासाठी कारखान्याच्या थळावरून, ऊसतोडीच्या तळावरून, सुट्टी काढून येणार होता. म्हणजे माझ्याकडं मुदत होती ती तेवढी. दरम्यान दुसरी कोंबडी खुडूक झाली, शेजारीण आली, मी चुलीकडं बघून आले.

ह्या वेळी मात्र मी चुलीकडं बघता बघता विचार केला. ही सवय मला उशिरा लागली, पण लागली. माहेरी आमच्याकडं अंडी बसवली की आठवड्यानं ती उजेडाला धरून बघायची पद्धत होती. अंधारात बॅटरीच्या तोंडावर अंडं धरायचं. आत जीव धरलेला असला तर तांबड्या शिरांचं जाळं दिसतं, मधे एक काळा ठिपका, आणि नशीब असलं तर तो ठिपका हललेलाही दिसतो. नसला तर नुसता पिवळट उजेड, कंदिलाच्या काचेसारखा. रिकामी अंडी तेव्हाच काढून टाकायची, म्हणजे कोंबडीचे दिवस वाया जात नाहीत आणि उकिरड्यावर आळी गोळा होत नाही.

घरात बॅटरी होती, पण तिचा उजेड चहूकडं फाकायचा. मध्ये भोक असलेलं काहीतरी तोंडावर बसवायला हवं होतं. मी ह्यांची रबरी स्लिपर घेतली आणि टाचेच्या जागी विळीनं गोल भोक पाडलं. जुनी होती, असं मी नंतर सांगितलं. फार जुनी नव्हती.

आठवडा झाल्यावर एका सकाळी दोघं खुरपायला गेल्यावर मी डालगं घेऊन धान्याच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. कोंबडीनं माझ्या मनगटाला चोच मारून निषेध नोंदवला. मी एकेक अंडं भोकावर धरलं. पिवळा उजेड. दुसरं, पिवळा उजेड. शेवटचं अंडं धरेपर्यंत पिवळाच उजेड. एकाही अंड्यात रेघसुद्धा नव्हती. एखाद-दुसरं रिकामं निघणं वेगळं, पण डालगंभर अंडी, तीही तीन वेगवेगळ्या कोंबड्यांची, सगळीच्या सगळी रिकामी?

तेवढ्यात दार उघडलं. आत्या भाकरी विसरल्या म्हणून परत आल्या होत्या. मी अंधारात बसलेली, मांडीत डालगं, एका हातात त्यांच्या लेकाची चप्पल, दुसऱ्या हातात अंडं. करणी करणारी बाई याहून वेगळी कशी दिसते मला माहीत नाही.

"हात लावलास," आत्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बॅटरी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, तुम्हीच बघा, ही पहिल्यापासून रिकामी आहेत, मी आज हात लावला म्हणून आतलं पळून गेलं नाही. त्यांनी बघितलं. म्हणाल्या, मग भरलेलं कसं दिसतं? ते मला घरात दाखवता येईना, म्हणून त्यांना घेऊन शेजारणीकडं गेले. तिचीही कोंबडी त्याच सुमाराला बसली होती. तिच्या न्हाणीत दाराला गोधडी लावून आम्ही तिघी उकिडव्या बसलो, पाचवा महिना सांभाळत ती मधोमध. पहिलंच अंडं धरलं आणि शिरा दिसल्या, पिंपळाच्या जुन्या पानासारख्या. मधला ठिपका टुचुक टुचुक करत होता.

"हालतंय गं," आत्या म्हणाल्या. इतक्या हळू, जणू आतलं ते त्यांचंच लेकरू असावं. त्यांनी पुढची अंडीही बघितली, मी न सांगता. साठीची बाई, आयुष्यभर कोंबड्या बसवलेली, अंड्याच्या आत कधी डोकावली नव्हती. बघायचं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारीण मात्र फार खूश झाली. "म्हंजे आमचं बारकं कोंबडं कामाचं, अन् तुमचं नुसतं आरडतंय म्हना की," ती म्हणाली.

आत्यांनी उठून दारावरची गोधडी काढली. गुरुवारी तिसगावचा बाजार होता. सकाळी त्यांनी कोंबडा कापायला दिला, दुपारी बाजारातून दुसरा आणला. उघड्या मानेचा, हडकुळा, बघितल्यावर कुणी काही म्हणणार नाही असा. जुन्याचं कालवण कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून दिल्या तरी शिजेना. ह्यांनी ताटाला हात लावला नाही. मी दोन वेळा वाढून घेतलं. चावता येत नव्हतं, पण तो मुद्दा नव्हता.

काही दिवस गेले. नवीन अंडी बसली, ह्या वेळी शेजारणीला कुणी बोलावलं नाही आणि मला चुलीकडं कुणी पाठवलं नाही. आठवड्यानं आत्यांनीच मला हाक मारली. धान्याच्या खोलीत स्लिपरवर अंडं धरून त्या बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, बघ की, तांबड्या रगा दिसत्यात. दोन-तीन सोडली तर सगळ्यांत दिसत होत्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. कारण कोंबडा बदलायला घराला एक बाजार पुरला होता. कुणी त्याला काही बोललं नाही, कुणी त्याच्याकडं बघून नाकाला पदर लावला नाही. अंडं वांझ म्हणतात, म्हैस वांझ म्हणतात, बाईला तर हाक मारल्यासारखं म्हणतात. कोंबड्याला तो शब्द लागतच नाही. मी आठवून बघितलं, आमच्याकडचे, माहेरचे, शिव्यांतलेसुद्धा सगळे शब्द धुंडाळले. कोंबड्याला म्हणायचं झालं तर काय म्हणायचं, हे भाषेत कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही. एवढी माणसं, एवढी शतकं, आणि कुणाला गरजच पडली नाही.

माझ्या सगळ्या तपासण्या लग्नानंतर दोन वर्षांतच झाल्या होत्या. दवाखाने, उपास, झाडपाला, कुणीतरी सांगितलेली कडू मात्रा, सगळं माझ्या पोटात गेलं होतं. ह्यांनी आजवर एक गोळीसुद्धा घेतली नव्हती. डोकं दुखलं तरी मीच बाम लावायची.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता मी आत्यांना म्हटलं, "कोंबडा बदलला, अंडी भरली. आता ह्यांना नगरला तपासायला न्यायचं."

हे जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"मान्साचं अन् कोंबड्याचं एक असतंय का?" आत्या म्हणाल्या.

"बाईचं अन् अंड्याचं एक असतंय, तर हे बी एकच."

हे ताटावरून उठले. पुढचे काही दिवस आमच्या घरात फक्त नवा कोंबडा बोलत होता. ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, मी त्यांच्याशी टाकलं, आणि आत्या मधे बसून दोघांचे निरोप भिंतीला सांगायच्या. शेवटी मी त्या भिंतीलाच सांगितलं की तपासणी झाली नाही तर मुलीकडचे यायच्या आधी मी त्या मुलीच्या आईला गाठीन, आणि ज्यात तिची पोर टाकायला निघालेत ते घर कसं आहे ते सांगीन. दुसऱ्या दिवशी ह्यांनी शर्टाला इस्त्री केली.

नगरचे डॉक्टर बोलायला साधे होते. तपासणी झाली, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. माझ्याकडं बघून म्हणाले, ताई, तुमच्यात काही नाही. मग ह्यांना विचारलं, लहानपणी गालगुंड झाले होते का? हे म्हणाले, आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, त्याचा परिणाम असू शकतो, आणि ह्यावर माझ्याकडं औषध नाही, खोटी आशा लावणार नाही. मी ह्यांच्याकडं बघितलं. इस्त्रीच्या शर्टात इतका लहान झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्या एका मिनिटात माझा राग खरंच गेला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर आळीतली पोरं म्हणतील काकूला दुसरं काही येतच नाही.

राग परत आला करंजीच्या घाटात. एसटी वळणावर हळू झाली तेव्हा हे खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "घरी काय बोलू नको. टाइम लागंल म्हनले, असं सांग."

टाइम लागंल म्हणजे कुणाला? मला. म्हणजे उकिरडा पुन्हा माझ्याच दारात. तिसगाव येईपर्यंत मनातल्या मनात सगळ्या गाडीची भांडी घासली.

घरी आलो तर अंगणात नणंद, हातात चहाची बशी. पौष उजाडला होता, परवा मुलीकडचे येणार म्हणून ती आदल्या गाडीनं आली होती. आत्या सुपात बाजरी पाखडत होत्या. नणंदेनं विचारलं, काय म्हनला डॉक्टर? हे रांजणाजवळ पाय धुवायला गेले. पाय धुतले. मी थांबले. पुन्हा धुतले. मी थांबले. मग ते माझ्याकडं बघत म्हणाले, "म्हनले की जरा टाइम..."

"दोष माझ्यात न्हाई, ह्यांच्यात हाय," मी म्हणाले. "औषध न्हाई म्हनले. ल्हानपनी गालगुंड झालं हुतं का इचारलं."

आत्यांचं सूप थांबलं. इतकी वर्षं मी ह्या क्षणासाठी वाक्यं साठवून ठेवली होती. चुलीसमोर उभी राहून घोटून घोटून पाठ केलेली. त्यांनी वर बघावं एवढीच खोटी होती.

त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाल्या, "झालं हुतं. दुन्ही गाल सुजलं हुतं. सगळ्या म्हनत हुत्या शेकू नको, मी शेकलं. मीच केलं म्हंजे. माझ्याच हातानं."

आणि नणंद, जिच्या बशीतला चहा अजून निवला नव्हता, लगेच म्हणाली, "तरी तवा आमची थोरली काकू सांगत हुती तुला, आई. तुला कधी कुनाचं ऐकायचंच न्हाई."

मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्यावरचा दोष उतरला होता. तो जमिनीला टेकायच्या आत घरानं दुसरी बाई शोधली होती, आणि ती बाई आपणहून पदर पसरून बसली होती. ज्याच्या अंगात तो दोष होता तो पाय धूत होता. बरं, दोष त्याचाही नव्हता, आजार होता, सुजलेले गाल होते. पण ते कुणाच्या लेखीच नव्हतं. बाई लागतेच. एक सुटली की दुसरी. आत्यांनी मला कमी छळलं नव्हतं, आणि तरी त्या सुपावरचे त्यांचे हात बघून मला जो राग आला तसा स्वतःसाठी कधी आला नव्हता. साठवलेल्या वाक्यांतलं एकही कामाचं राहिलं नाही.

मी सूप त्यांच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, "आत्या, शेकल्यानं कायबी होत न्हाई. ज्या पोराला व्हायचं त्याला होतंय. पुन्हा असं बोलायचं न्हाई." नणंदेला म्हटलं, चहा पी आणि मुक्कामाची गाडी पकड. ती जागची हलली नाही, पण बोललीही नाही, आणि तिच्या बाबतीत ते खूप होतं.

मग ह्यांच्याकडं वळले. म्हटलं, परवा कुणी यायचं नाही. तो निरोप नणंदेनं द्यायचा नाही, मी द्यायचा नाही, आत्यांनी तर नाहीच. तुम्ही स्वतः जायचं आणि सुट्टीवर घरी आलेल्या त्या मुलीच्या बापाला सांगायचं.

"काय सांगू?" ह्यांनी विचारलं.

"खरं."

त्यांनी सायकल काढली. ओल्या पायांनीच निघाले. कुडाच्या दारापर्यंत गेले तोच चेन पडली. ते वाकले, चेन काही बसेना, हात काळे झाले. माझ्या शेजारून आत्या गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या.

"बसा आत्या," मी म्हणाले. "बसवतील त्यांची ते."

बराच वेळ लागला, पण बसवली.